स्वनिवेदन : बरं हाय

बेलखार गावात आजारी माणूस एकही नाही. ही गावकऱ्यांची बढाई नसून नोंदीतली गोष्ट आहे, आणि नोंद कागदावरची नसून संगणकातली असल्यामुळे तिच्यावर शंका घेण्याची सोय उरलेली नाही. गावात घरं एकशे बारा. त्यांतल्या एकेचाळीस घरांना बारा महिने कुलूप, कारण तिथली माणसं कळंबोली, कामोठे, नालासोपारा इथे राहतात आणि शिमग्याला व गणपतीला तेवढी येऊन कुलपं उघडतात. कुलूपबंद घरात आजारी माणूस असू शकत नाही, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी पहिल्याच आठवड्यात काढला होता आणि त्याला हरकत घ्यायला त्या घरांत कोणी नव्हतं. राहिली एकाहत्तर घरं. तिथल्या माणसांना त्यांच्या स्वतःच्या ओटीवर बसवून रीतसर विचारण्यात आलं, की तुमची तब्येत कशी आहे. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं.

प्रकल्पाचं नाव 'ओटीवर आरोग्य'. माणसं आजारी पडल्यावर दवाखान्यात जातात, त्यापेक्षा ती आजारी पडण्याआधीच आपण त्यांच्या घरी जावं, रक्तदाब बघावा, साखर बघावी, पाय-डोळे तपासावेत, अशी ही कल्पना. कल्पना चांगली होती, यात वाद नाही. तिच्यासाठी एक संस्था उभी राहिली, संस्थेला एक कंपनी पैसे देऊ लागली आणि किनाऱ्यावरच्या चाळीस गावांसाठी आठ पॅरामेडिक नेमण्यात आले. श्रीवर्धनच्या अलीकडची पाच गावं क्रांतीच्या वाट्याला आली.

क्रांती मूळची तळा गावची. नर्सिंगचं शिक्षण झालेली, लग्नाला दोन वर्षं झालेली, स्कूटीवर मशीनची पेटी बांधून फिरणारी. गावाने पॅरामेडिक हा शब्द दोन दिवस तोंडात घोळवून पाहिला, मग सोडून दिला आणि तिला 'मशीनवाली बाय' केलं.

सुरुवात जरा जड गेली. प्रकल्पाच्या गाडीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आजार येण्याआधी आम्ही येतो.' बेलखारच्या लोकांनी ते नीट वाचलं आणि त्याचा सरळ अर्थ लावला. गाडी दिसली की मागून आजार येतोय, हे उघडच होतं. बायका पोरांना घरात ओढून दारं लावू लागल्या. त्यात क्रांतीच्या फॉर्मवर वरच छापलं होतं, 'प्रतिबंधात्मक'. हा शब्द गावाच्या ओळखीचा होता, पण पोलिसांकडून झालेल्या ओळखीचा. शिमग्यात पालखीवरून भांडणं होऊ नयेत म्हणून दरवर्षी चार-पाच जणांना 'प्रतिबंधात्मक कारवाई'ची नोटीस येते, आणि त्यांत सदू कायम असतो. फॉर्म बघताच सदू मागच्या दाराने सुपारीच्या वाडीत गेला तो संध्याकाळीच परत आला.

"यंदा मी काय केलं न्हाय," तो वाडीतूनच ओरडला. "अजून शिमग्याला दोन म्हयने हायेत!"

असं करत करत क्रांती एके दिवशी मनुबाईच्या ओटीवर पोचली.

मनुबाई बाळाजी शिगवण, वय अडुसष्ट. बाळाजी जाऊन नऊ वर्षं झालेली. चार गुंठ्यांची सुपारी, थोडी भातशेती अर्धलीने, म्हणजे निम्म्या वाट्याने दिलेली, एक गाय. मुलगा राहुल न्हावाशेव्याकडे कंटेनर यार्डात सुपरवायझर, राहायला कामोठ्याला अकराव्या मजल्यावर. मुलगा गुणी. दर रविवारी फोन करतो, आणि दिवाळीत त्याने आईला मॉलमधून ॲक्युप्रेशरच्या चपला आणल्या होत्या. त्या चपलांना आतून शंभरेक टोकं असतात. ती तळव्यात घुसली की रक्त फिरतं, मधुमेह पळतो आणि आयुष्य वाढतं, असं खोक्यावर लिहिलेलं होतं. मनुबाई त्या घालून गोठ्यातही जायची. पोराने आणलंय, न घालून कसं चालेल?

क्रांतीची नजर त्या चपलांवरून पायाकडे गेली. उजव्या पायाच्या करंगळीखाली रुपयाएवढी जखम होती. कडा पांढऱ्या, मध्ये ओलसर.

"आजी, हे कधीपासून?"

"काय?" मनुबाईने पाय वर घेऊन पाहिला. "ता व्हय? झाले पंधरा दिस. दुखत न्हाय काय."

क्रांतीने वाकून जखम जवळून पाहिली. जखम दुखते ती बरी, न दुखणारी वाईट, हे तिला पहिल्या वर्षातच शिकवलं होतं. साखर वाढली की पायाच्या नसा बधिर होतात, मग पाय कुजत जातो आणि माणूस म्हणतो, दुखत नाही. तिने घाईघाईने पेटी उघडली, साखर मोजायचं मशीन काढलं, बटण दाबलं. मशीन लागलं नाही. लागणारच नव्हतं. ते टॅबला जोडलेलं होतं आणि टॅबने परवानगी दिल्याशिवाय ते उघडत नसे. टॅबची परवानगी मिळण्यासाठी आधी एक प्रश्न विचारावा लागे, तोही छापील शब्दांत, आणि उत्तर नागरिकाने स्वतःच्या आवाजात द्यावं लागे. याला 'स्वनिवेदन' म्हणत. क्रांतीने टॅब मनुबाईसमोर धरला.

"आजी, आपली तब्येत कशी आहे?"

आता ओटीवर आलेल्या माणसाने तब्येत विचारली तर काय सांगायचं, हे बेलखारमध्ये पोराला चालायला यायच्या आधी येतं. आलेला माणूस पाणी प्यायलाही बसलेला नसतो, त्याच्या अंगावर आपलं दुखणं टाकायचं नसतं. शिवाय दुखण्याचं नाव घेतलं की ते अंगाला चिकटतं, हेही सगळ्यांना माहीत असतं.

"बरं हाय," मनुबाई म्हणाली.

टॅब टिंग करून वाजला आणि हिरवा झाला. 'निरोगी नागरिक. पुढील भेट नव्वद दिवसांनी.' मशीन बंदच राहिलं. सोबत राहुलच्या मोबाइलवर संदेश गेला, 'अभिनंदन! आपली आई निरोगी आहे.' त्यावर फुगे उडत असलेलं चित्र होतं. राहुलने ते घरच्या ग्रुपवर टाकलं आणि अकरा जणांनी अंगठे दिले.

क्रांती दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या गावी प्रकल्प कार्यालयात गेली. तिथे समन्वयक हितेश सर बसत. सर मॅनेजमेंट शिकलेले होते, कार्यालय थंडगार होतं आणि भिंतीवर किनाऱ्याचा नकाशा लावलेला होता. त्यात गावं हिरवी होत चालली होती. सरांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, तुम्ही पर्याय नीट वाचलेले नाहीत," सर म्हणाले. "पर्याय तीन आहेत. पहिला, 'बरी आहे'. ती व्यक्ती निरोगी. निरोगी माणसावर आपण साखर मोजायची पट्टी वाया घालवू शकत नाही, ऑडिट लागतं. दुसरा, 'बरी नाही'. ती व्यक्ती आजारी. आता आजारी माणूस हा प्रतिबंधाचा विषय राहतो का?"

"नाही, पण..."

"नाही ना? प्रतिबंध आजाराआधी असतो. आजारी माणसासाठी सरकारी दवाखाना आहे, तिकडे पाठवायचं. तुमच्या नावापुढे मात्र 'प्रतिबंधातील अपयश' असा लाल शेरा पडतो, कारण तुमच्या हद्दीत माणूस आजारी पडलाच कसा?"

"शेरा पडू दे, सर. पण त्या 'बरं नाही' म्हणतच नाहीत."

"मग तिसरा पर्याय आहे की. 'माहीत नाही'. असं म्हटलं की मशीन उघडतं. तपासणी त्याच्यासाठीच ठेवलीय."

"स्वतःची तब्येत मला माहीत नाही, असं कोण म्हणेल, सर?"

"बघा," हितेश सर खिन्नपणे म्हणाले. "जनजागृती किती कमी आहे आपल्याकडे."

"सर, मी डोळ्यांनी जखम बघितलीय."

"मॅडम, डोळ्यांनी बघण्यावर आपण प्रकल्प चालवू शकत नाही. मागे एका पॅरामेडिकने डोळ्यांनी बघून सगळ्या गावाला रक्तदाब लावला. तेव्हापासून नागरिकाचं स्वनिवेदन अंतिम. त्याच्या तब्येतीवर त्याचा हक्क आहे, तुमचा नाही." एवढं बोलून त्यांना दया आली आणि त्यांनी तिला पुनर्भेटीचा अर्ज दिला.

मधल्या काळात क्रांतीने साधा मार्गही करून पाहिला. मनुबाईला स्कूटीवर बसवून सरकारी दवाखान्यात न्यायला ती दोनदा गेली, दोन्ही वेळा मनुबाईने तिला चहा पाजून परत पाठवलं.

"दुखत न्हाय त्याला दवाखान्यात काय दाखवू? डाक्टर हसंल."

"मग निदान राहुलदादाला तरी सांगा."

हे ऐकताच मनुबाईचा आवाज एकदम खाली आला. "त्याला तू काय सांगू नको हां, बाय. मागं मी फोनवर चुकून बोलले, कंबर दुखते. तर त्याच दिवशी गाडी घेऊन आला आन मला नेलान. चाळीस दिस ठेवलान वर. तिथं ओटीच न्हाय गं. दार उघडलं की समोर दुसऱ्याचं दार. ता पन बंद. कोनाला हाक मारायची? इथं गाय शेजारच्या सखुबाईकडं होती, तिनं दूध सोडलान. तवापासून ठरवलंय. फोन आला की बरं हाय."

क्रांतीने जखम धुतली, स्वच्छ पट्टी बांधली आणि चपला घालू नका म्हणून बजावलं. मनुबाईने मान डोलावली आणि ती गेल्यावर चपला घातल्या.

पुनर्भेटीला एकोणीस दिवसांनी मंजुरी आली. अट एकच, कुटुंबप्रमुखाची संमती. ती ओटीपीने घ्यायची होती. क्रांती ओटीवर टॅब उघडून बसली आणि म्हणाली, "आजी, आता ओटीपी लागेल."

"ओटी?" मनुबाईचा चेहरा उजळला. "अगो, मग आधी नको का सांगायला! येवढी सवाष्ण पोर दारात येते आन मी कोरडीच पाठवते. माझ्या हातानं न्हाय चालायचं, थांब. सखू! ए सखुबाय! तांदूळ आन नारळ घेऊन ये, खण पन आन, मशीनवालीची ओटी भरायची हाय!"

क्रांतीने हात जोडून समजावलं, की ओटी नव्हे, ओटीपी, आकडे असतात चार. पण शेजारच्या सखुबाई तोवर ताट घेऊन आल्याही होत्या. भरू घातलेली ओटी नाकारणं म्हणजे त्या घराला शाप देणंच की. क्रांतीने पदर पसरला. नेमक्या त्याच क्षणी टॅबने भेटीचा पुरावा म्हणून आपोआप फोटो काढला, ठिकाण आणि वेळेसकट. त्यात सखुबाई ओंजळीने तांदूळ घालताना आणि क्रांती नारळ सावरताना स्वच्छ दिसत होत्या. आठ दिवसांनी तिला कारणे दाखवा नोटीस आली, की 'लाभार्थ्याकडून नारळ एक, खण एक व तांदूळ अंदाजे पाव किलो का स्वीकारले, याचा तीन दिवसांत खुलासा करावा.' खुलाशात तिने खरं ते लिहिलं. त्यावर 'खुलासा असमाधानकारक, ओटीपीचा अर्थ सेविकेस अवगत नाही' असा शेरा पडला.

पण ते नंतर. त्या दिवशी ओटी भरून झाली आणि क्रांतीने राहुलला फोन लावला. तो यार्डात होता, मागे क्रेनचा आवाज येत होता.

"हां सिस्टर, आलाय ओटीपी. चार, शून्य, सात, नऊ. सगळं ओके ना? आईला द्या ना जरा."

फोन स्पीकरवर होता. क्रांतीने आकडे टाकले, टॅब जागा झाला, कान टवकारून बसला. पुनर्भेटीत प्रश्न कोणीही विचारला तरी त्याला चालत असे.

"आई, बरी हायेस ना?"

"बरं हाय रे. तू जेवलास का?"

टिंग. हिरवा. 'पुनर्भेटीत निरोगीपणाची पुष्टी. पुढील भेट नव्वद दिवसांनी.' राहुलकडे पुन्हा फुगे गेले.

त्या रात्री क्रांती खोलीवर येऊन रडली. सकाळी डोळे धुऊन तिने पुन्हा अर्ज केला. या खेपेला मध्येच आलेल्या त्या नोटिशीचा खुलासा, पुनर्भेटीची पुनर्मंजुरी आणि आधीच्या दोन हिरव्या नोंदींबद्दलचं स्पष्टीकरण, असे तीन कागद लागले. ते होईपर्यंत करंगळी निळसर झाली होती. आता मात्र तिने कच्चं सोडलं नाही. मनुबाईला आडकित्त्याने सुपारी कातरता कातरता चार दिवस शिकवलं, की टॅबने विचारलं की म्हणायचं, माहीत नाही.

"माझाच जीव, आन मला म्हाईत न्हाय म्हणू? लोक खुळी म्हणतील."

"माझी नोकरी जाईल, आजी," क्रांती शेवटी म्हणाली. हे खोटं होतं. नोकरी उलट हे सगळं सोडून दिलं असतं तर सुखाने टिकली असती. पण स्वतःच्या पायासाठी जे मनुबाई बोलली नसती, ते दुसऱ्याच्या पोरीच्या भाकरीसाठी बोलायला लगेच तयार झाली.

दिवस ठरला. बातमी पसरली होती, म्हणून अंगणात पंचवीसेक माणसं जमली. सदूसुद्धा आला, कारण आता त्याला खात्री झाली होती की नोटीस या वर्षी मनुबाईला आलीय.

"आपली तब्येत कशी आहे?" क्रांतीने विचारलं.

मनुबाईने घसा साफ केला. चार दिवसांचं पाठांतर जिभेवर आलं, पण इतकी माणसं बघून जिभेने आपला रस्ता धरला.

"ठावं न्हाय," ती ठणकावून म्हणाली.

टॅब क्षणभर गोल फिरला. मग बाईच्या गोड आवाजात बोलला, "ठाणे. आपले स्थलांतर नोंदवण्यात आले आहे. धन्यवाद."

बेलखारच्या यादीतून मनुबाई बाळाजी शिगवण हे नाव गेलं. दोन दिवसांनी राहुलला ठाण्याहून एका मुलीचा फोन आला, की आजी कोणत्या मजल्यावर असतात आणि लिफ्ट चालू आहे का. दुरुस्तीला तीन आठवडे लागले. ती करताना कार्यालयाने नियमाप्रमाणे तिची शेवटची वैध नोंद पुन्हा बसवली. शेवटची वैध नोंद अर्थातच 'बरं हाय' होती.

आणि मनुबाई परत आल्यामुळे बेलखारची एकशे बारा घरं पूर्ण झाली. शंभर टक्के हिरवी. किनाऱ्यावरचं पहिलं 'संपूर्ण निरोगी गाव'. हितेश सरांनी ताबडतोब शाळेच्या पटांगणात सोहळा ठरवला. पैसे देणाऱ्या कंपनीचे पाहुणे यायचे होते. गौरवासाठी एक आदर्श नागरिक हवा होता, म्हणून त्यांनी यादी उघडली. सलग सगळ्या भेटींत एकच उत्तर देणारी, स्थलांतर होऊन परत आल्यावरही उत्तर न बदलणारी एकच बाई त्यांना सापडली. तिला 'आरोग्य-सातत्य सन्मान' जाहीर झाला. राहुलने रजा टाकली आणि नवीन लुगडं घेऊन आदल्या दिवशीच गावी आला.

सोहळ्याच्या सकाळी क्रांती मनुबाईच्या घरी गेली. आता तिने टॅब नेला नव्हता. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या पैशाने घेतलेलं छोटं मशीन नेलं होतं, जे कोणाला काही न विचारता रक्त बघतं. राहुल मांडवाचं बघायला शाळेत गेला होता. मनुबाईचं अंग तापलं होतं, डोळे लाल होते, तरी वेणीफणी करून ती नव्या लुगड्याच्या निऱ्या घालत होती. क्रांतीने बोट टोचलं. आकडा आला चारशे अडतीस. पायाची पट्टी सोडवून पाहिली तेव्हा तिला श्वास धरावा लागला.

"आजी, तुम्ही कुठेही जायचं नाही. दवाखान्यात चला."

"सत्कार झाला की येते. पोरानं रजा टाकलेय, बाय."

क्रांती धावत पटांगणात गेली. हितेश सर पाहुण्यांसाठी शहाळी मोजून घेत होते.

"सर, मनुबाईंची साखर चारशे अडतीस आहे. पाय सडलाय."

"टॅबमध्ये आहे का?"

"नाही. माझ्या मशीनवर."

"मग ती साखर तुमची आहे, मॅडम, प्रकल्पाची नाही," सर हळू आवाजात म्हणाले. "आणि आज नको. प्लीज."

ती राहुलकडे वळली. राहुल चांगला माणूस होता. त्याने लगेच खिशातून मोबाइल काढला आणि तिला धीर देण्यासाठी दोन्ही हिरवे संदेश दाखवले. "ताई, हे बघा ना. तुमचेच मेसेज आहेत. सिस्टिम खोटं बोलेल का? तिला रात्री विचारलं मी, बरं हाय म्हणाली."

तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. मनुबाई सखुबाईंच्या खांद्यावर हात ठेवून पटांगणात शिरत होती. पायात ॲक्युप्रेशरच्या चपला होत्या, कारण पोरगा गावात होता. पायऱ्या चढताना तिचा चेहरा पांढरा पडला, पण ती चढली. पाहुण्यांनी शाल घातली. हितेश सरांनी माईक तिच्या तोंडासमोर धरला आणि सर्वांना ऐकू जाईल असं विचारलं, "आजी, आपली तब्येत कशी आहे?"

मनुबाईने पहिल्या रांगेत बसलेल्या राहुलकडे पाहिलं.

"बरं हाय," ती म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. क्रांती कशी वर गेली ते कोणालाच कळलं नाही. ती व्यासपीठावर चढली, मनुबाईला खुर्चीत बसवलं आणि गुडघ्यावर बसून तिची उजवी चप्पल ओढून काढली. चपलेबरोबर पट्टी आली आणि पट्टीबरोबर आणखी काहीतरी आलं. वास पहिल्या तीन रांगांपर्यंत गेला. पाहुण्यांनी रुमाल काढले.

"राहुलदादा, विचारू नका तिला," क्रांती ओरडली. "या आणि बघा!"

राहुल आला. त्याने पाहिलं. तो तिथेच खाली बसला आणि आईचा पाय दोन्ही हातांत धरून हुंदके देऊ लागला. मनुबाई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणत होती, "दुखत न्हाय रे, सोन्या, खरंच दुखत न्हाय." फोटोवाल्याला हितेश सरांनी खुणेने थांबवलं.

राहुलच्या गाडीतून तिला मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन महिन्यांपूर्वी नुसतं बोट टोचून पाहिलं असतं आणि पाय रोज धुतला असता तर एवढ्यावर आलं नसतं. जीव वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

प्रकल्पाने झाल्या प्रकाराची गंभीर दखल घेतली. व्यासपीठावर नागरिकाचे पादत्राण विनासंमती काढल्याबद्दल आणि अनधिकृत यंत्राने रक्त पाहिल्याबद्दल क्रांतीची सेवा संपवण्यात आली. बेलखारचा सन्मान काढून घेण्याची वेळ मात्र आली नाही. मनुबाई कामोठ्याला गेल्यामुळे ती स्थलांतरित ठरली, घराला कुलूप लागलं आणि कुलूपबंद घर पूर्वीसारखंच निरोगी मोजलं गेलं. गाय सखुबाईंनी कायमची नेली. क्रांती आता तळ्याला एका डॉक्टरांकडे कामाला आहे. म्हाताऱ्या बायका आल्या की ती 'कशा आहात' असं विचारतच नाही. थेट म्हणते, "पाय वर घ्या." बायकांना ते उद्धट वाटतं, पण पाय वर घेतात.

मनुबाई अकराव्या मजल्यावर खिडकीशी बसलेली असते. राहुल आता रविवारची वाट बघत नाही. पश्चात्तापाने पोळलेला मुलगा तो, दुपारी कामावरून रोज फोन करतो. विचारतो, "आई, बरी हायेस ना?" ती उत्तर देते, तो फोन ठेवतो आणि त्याचा उरलेला दिवस हलका जातो.

हितेश सरांचा तुम्हाला राग आला असेल. यायलाच हवा, अशी माणसं रागासाठीच नेमलेली असतात. राहुलचीही कीव वाटली असेल, आणि 'आम्ही असे नाही बुवा' असंही मनात येऊन गेलं असेल. खरंच आहे. तुम्ही गावी फोन करताच. आई कोण, वडील कोण, मावशी कोण, ज्यांचं कोणी आहे ते करतातच. तर आठवून बघा, परवा फोन उचलल्याबरोबर तुम्ही काय म्हणालात? "बरी आहेस ना?" असंच ना? त्या प्रश्नाच्या शेवटी तो 'ना' कोणी लावला? उत्तर तुम्हीच आत भरून पाठवलं होतं, तिने फक्त पोच दिली. टॅबने मनुबाईला निदान तीन पर्याय तरी दिले होते.